कटकट

अंबड चौफुलीच्या पुढं, पत्र्याच्या शेडमध्ये
गफूर उस्तादांनी डिफरन्शियल खोलून
जुन्या पेपरावर मांडलं: चार गिअर, एक पिन,
काळं पडलेलं तेल.

मी म्हणालो, "इंजिनात जोर आहे उस्ताद,
पण वळणावर आतलं चाक हलकं होतं न्
नुसतं भिंगरीवाणी फिरतं."
परवा मातीच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणाला
एस्टीम अशीच धूळ उडवत राहिली
आणि परभणीची पोरं हॉर्न वाजवत पुढं गेली.

"जाणारच," उस्ताद म्हणाले.
"हा गिअर लई सरळ माणूस. दोघांना सारखंच देतो.
पण सारखं म्हणजे किती?
ज्याचे पाय हवेत, त्याला पेलेल तितकंच.
जो मातीत रोवून उभा आहे
त्याच्याही वाट्याला तेवढंच."

मग डबी उघडली.
बशीएवढ्या पातळ चकत्या, एकीआड एक,
एक ॲक्सलशी बांधलेली, एक कवचाशी.
"हात दे."
तळव्याला तळवा लावून फिरवला. घसरला.
मग दाबला.
माझा पंजा त्यांच्यासंगं वळला,
मनगटापर्यंत, ग्रीससकट.

"रेस दिली की पिन खाचेच्या उतारावर चढती,
दोन्ही कड्या बाहेर रेटती, चकत्या आवळतात.
उधळलेल्याला धरायचं. पार बांधायचं नाही.
बांधलंस तर गाडी वळायचीच नाही,
सरळ कुणाच्या तरी तुरीत जाईल.
बाहेरच्याला लांबून जायचंय, आतल्याला जवळून.
तेवढा फरक राहू दे."

त्या साली मी दोनदा दुसरा आलो,
एकदा नाल्यात.

दिवाळीनंतर उस्तादांचं डावं अंग गेलं.
आता दर गुरुवारी त्यांना घाटी दवाखान्यात नेतो,
त्याच एस्टीमनं, मागची सीट आता बसवून घेतलीय.
फाटकात हळू वळताना पुढून आवाज येतो,
कट, कट, कट.
रांगेतली माणसं वळून बघतात.
वॉचमन म्हणतो, गाडी गेली तुमची.

उतरताना त्यांचा उजवा तळवा माझ्या तळव्यावर.
दाबतात. अजून दाबतात.
डावा पाय फरशीवर घासत येतो,
उशिरा येतो, पण येतो.
मी ओढत नाही.

दारापाशी वाकड्या तोंडानं काहीतरी पुटपुटले.
सिस्टरला वाटलं, पाणी मागतायत.
ती ग्लास घेऊन आली तरी मान हलवत राहिले,
माझ्याकडं बघत,
"तेल... तेल बदल रे."