चिमूट

सिनेमा एकशे अठरा मिनिटांचा.
त्यात गंज पेठेतली एक पिठाची गिरणी,
ती चालवणारा माणूस,
आणि एक डबा, जो दळून तयार आहे
आणि न्यायला कुणी येत नाही.
एवढंच. खरंच एवढंच.

लुंकडशेठ म्हणाले, एवढ्यावर तिकीट कोण काढेल?
मला एक मिनिट बावन्न सेकंद द्या
आणि अंगावर काटा द्या.

एरंडवण्यात, जिन्याखालच्या खोलीत,
एसी गळतो म्हणून पातेलं ठेवलेल्या खोलीत,
मी आधी ऊन काढून टाकलं.
दुपारचं होतं ते, बोळातनं तिरपं येणारं,
ज्यात उडणारं पीठ नुसतं पीठ दिसायचं.
उजेड दोन घरं खाली ओढला, निळा सोडला,
सावल्यांत थोडं शेवाळ.
पिठाचं धुकं झालं.
पट्ट्याची सावली भिंतीवर चढली
तर तिला आपोआप दात फुटले.
भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थीला लाल गोल होता.
तो तसाच ठेवला, फक्त लाल जरा वाढवला.
आता जो तो विचारणार, त्या दिवशी काय झालं?
(त्या दिवशी उपास होता.
गिरणी अर्धा दिवस बंद.)

गिरणी दहा बाय बाराची. तिच्याआधी मी
नदीपात्रातला पहाटेचा रिकामा रस्ता जोडला,
ड्रोनवरून, भलत्याच कामासाठी घेतलेला,
आणि मग एकदम दार.
डोळ्याला वाटतं, रस्ता इथंच येतो.
कुणीतरी म्हणणारच,
अहो, नदीपात्र कुठे, गंज पेठ कुठे!
पण त्याचं म्हणून होईस्तोवर
दार उघडलेलं असतं.

संगीत ओजसनं केलं.
गिरणीचाच आवाज घेतला, पोटातून खाली ओढला,
इतका, की आधी खुर्चीला कळतो, मग कानाला.
वर एक व्हायोलिन, न वाजवता नुसतं घासलेलं.
सत्तेचाळिसाव्या सेकंदाला सगळं बंद.
काळोख.
एक ठोका.

सिनेमात तिथं वीज गेलीये
आणि माणूस चहा प्यायला गेलाय.

ज्यांची गिरणी ते पायगुडे गुरुवारी आले,
पेठेत वीज नव्हती म्हणून.
भुवयांवर पीठ, चपला पायरीखाली.
मी दाखवलं.
बघता बघता ते खुर्चीत मागं सरकले,
स्वतःच्याच गिरणीपासून.
परत एकदा लावा म्हणाले.
दुसऱ्यांदा बघताना अंगठा तर्जनीवर घासत राहिले,
हवा बारीक आहे का जाड, बघितल्यासारखे.

"आमच्याकडं गिऱ्हाईक चिमूट बघतं," म्हणाले,
"कणी लागते का ते. चिमूट बरी तर डबा बरा.
पण ताई, चिमूट डब्यातलीच घ्यावी लागते."
मी म्हटलं, डब्यातलीच आहे.
नदीपात्र सोडलं तर फ्रेम न् फ्रेम.
"हो, ज्वारी आमचीच दिसतीये."
मग जरा थांबून,
"लोक येतील ना पण?"
येतील.
"मग असू द्या. फक्त पाटीवरचं नाव
निळं करू नका. पिवळं आहे ते.
वडलांनी रंगवलंय."

पाटी पिवळी केली.
लुंकडशेठना ती खटकली, पण म्हणाले, चालेल,
कुणीतरी मेलेलं वाटतंय.

पुढच्या आठवड्यात पाच किलो गहू
स्कूटरच्या फळीवर ठेवून गंज पेठेत गेले.
ट्यूबलाइट. रांग. कुणाच्या तरी पोराची शिंक.
आवाज, ज्याच्याखाली दुसरा आवाज नाही.
माझे गहू संपले, पट्टा सुटला,
चाक फिरत फिरत थांबलं,
आणि मी खांदे आवळून उभी,
ठोक्याची वाट बघत.

मागच्या बाईंनी कोपर लावलं,
"ओ, उचला की डबा. नंबर माझाय."

उचलला.
बुडाला हात भाजला.