समासातल्या नोंदी

हर्षदा, वही वाचली.
अक्षर सुबक. तारखा बरोबर.
गृहभेटी अकरा, त्याही बरोबर असतील.
पण सातव्या पानावर तू लिहिलंस,
'लाभार्थीने सहकार्य केले नाही,'
आणि माझी पेन्सिल तिथेच थांबली,
चहावर साय धरेपर्यंत.

कोण लाभार्थी?
तिला तर अजून काहीच लाभलेलं नाही.
भांडेवाडीला, कचऱ्याच्या डोंगराच्या उतरणीशी
बाटल्यांपासून झाकणं वेगळी करत बसली होती ती.
झाकणांचा भाव वेगळा, बाटल्यांचा वेगळा,
हे तिला ठाऊक. तुला नव्हतं.
मार्चच्या दुपारी दोन वाजता तू तिच्यापुढे
बेचाळीस प्रश्न धरलेस.
तिने एकच विचारला :
'याच्यानं मले काय भेटते, बाई?'
तो त्रेचाळिसावा. तो वहीत नाही.

संदर्भ मागितलेस म्हणून सांगते.
ग्रंथालयात खिडकीकडच्या कपाटात, खालच्या फळीवर
जुने लघुप्रबंध आहेत. धूळ झटकून बघ.
कितीतरी जणींनी हीच वस्ती मोजली आहे,
दर दहा वर्षांनी तीच टक्केवारी,
फक्त टाइपरायटरच्या जागी संगणक.
सिद्धान्त पाठ कर, परीक्षेत विचारतात.
पण तहसीलची कोणती खिडकी जेवणाआधीच बंद होते,
कोणत्या बाबूला 'भाऊ' म्हटलं की राग येतो,
झेरॉक्सच्या प्रती तीनच का, दोन का नाहीत,
हे कुठल्याच फळीवर नाही.
पिशवीत स्टॅपलर ठेव. शाईचा पॅड ठेव.
पाण्याची बाटली ठेव, आणि रिकामी झाली की
तिलाच दे,
झाकण आधीच वेगळं करून.

आणि तिचं नाव लिही.
मी ते तुझ्या जोडीदाराकडून, टेंभुर्णेकडून घेतलं.
पुस्तकला.
हसू नकोस. भंडाऱ्याकडे, झाडीत, आहेत अशा नावाच्या बाया.
ज्या बापाने शाळा आतून पाहिली नाही
त्याने ती लेकीच्या नावात ठेवून दिली.
तिचा अंगठा रेशनच्या मशीनवर लागत नाही;
काचा, पत्रे, तारा वेचून रेषा झिजल्या.
चार महिने झाले, मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
तुझ्या संमतिपत्रावर तिने तोच अंगठा दिला
आणि शेजारी तू लिहिलंस,
'ठसा अस्पष्ट.'

माझाही एक ठसा आहे, हर्षदा.
पदव्युत्तरचं पहिलं वर्ष, मेडिकलचा वॉर्ड,
सिकलसेलच्या पोरीची आई, वरठीहून आलेली.
'गुरुवारी अर्ज घेऊन येते,' म्हटलं होतं मी.
'येसान न?' तिने विचारलं.
बुधवारी क्षेत्रकार्य संपलं.
तास भरले होते. सही झाली होती.
मला प्रथम श्रेणी मिळाली.
तीस वर्षं मी वर्गात 'व्यावसायिक अंतर' शिकवते.
ते केवढं असतं, मला नीट माहीत आहे :
वसतिगृहापासून मेडिकलपर्यंत,
सायकलने दहा मिनिटं.

गुण अजून दिलेले नाहीत.
वही परत नेशील तेव्हा तो शब्द खोड,
त्या जागी काय लिहायचं, मलाही सुचलेलं नाही.
उद्या गुरुवार आहे, हा योगायोग समज.
रेशनचं दुकान नऊला उघडतं म्हणे,
म्हणजे साडेदहा.
रांगेत तिच्या मागे उभी राहा, पुढे नाही.
मी स्कूटी काढते.
मागचं चाक बसलंय,
आधी हवा भरावी लागेल.