कुडतरीचा कोंबडा

फातोर्ड्याला, गॅरेजच्या मागे,
उल्हास मास्तरांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली.
कातडी सोलणं, तुरटी चोळणं, काथ्या पिंजणं.
पगार थोडा, वास पुष्कळ.

एर्मेलिंदा आली ती कुडतरीहून,
बर्फाच्या डब्यात जनरालला घेऊन.
म्हणाली, आरवताना दिसू दे.
चोच उघडी म्हणजे जीभ मेणाची करावी लागेल,
मास्तर म्हणाले, दोनशे जास्त.
करा.
डोळे पिवळे होते की नारिंगी?
तिला आठवेना.
चार वर्षं रोज पहाटे पाहिलेले डोळे.
तिथे ती रडली. मेला तेव्हा नाही म्हणे रडली.

मोजा काढावा तशी कातडी उलटी निघते.
आत राहतो तो बाजारातलाच कोंबडा,
टांगला तर कुणीही भाव विचारावा.
मास्तर ते मांस खात नसत, देतही नसत,
मागच्या लिंबाखाली पुरत.
लिंबं मात्र आम्ही खायचो.

पेटा मी चिरला, उगाच, बघायला.
रेती, काचेचा तुकडा, भाताचे दोन दाणे
आणि एक पितळी बटण,
वरचा नांगर झिजून नुसता गळ झालेला.

पंधरा दिवसांनी ती आली.
जनराल टेबलावर, छाती काढून, मान ताणून.
मास्तरांच्या हातून इतकं चांगलं काम पुन्हा झालं नाही.
तिने पाहिलं ते काडेपेटीत.

ह्याच्यावरून, ती म्हणाली,
बोटीवर जायच्या सकाळी
त्याने आख्खं घर उलटं केलं.
मी म्हटलं, मी नाही हरवलं.
तो म्हणाला, मग कुणी खाल्लं?

हसली की काय, कळलं नाही.
पैसे मोजून दिले, जिभेचे दोनशे धरून.
काडेपेटी पर्समध्ये टाकली
आणि बसस्टँडकडे निघाली, हात मोकळे.
मी हाक मारणार होतो.
मास्तर म्हणाले, राहू दे.

आता मास्तर नाहीत. कोंबडा आहे.
पावसाळ्यात पिसांवर बुरशी धरते,
मी दाढीच्या जुन्या ब्रशने झाडतो.
डोळे नारिंगी बसवलेत, अंदाजाने.
कधीकधी पहाटे गॅरेजवाल्यांचा कोंबडा
खिडकीच्या कठड्यावर येतो,
मान वाकडी करून ह्या उघड्या चोचीकडे बघतो
आणि थोडा थांबतो,
जणू पाळी ह्याची आहे.