मागचं डावं आधी

सुमननगरच्या सिग्नलला सिस्टर तोरणे म्हणाल्या,
मास्तर, हे खाली खाली चाललंय.
मी म्हटलं, पाय हलवू नका.
त्यांचा पाय जागच्या जागी होता.
पेडलच बसत चाललं होतं,
ओल्या मातीत काठी रुतावी तसं,
काही घाई नसल्यासारखं.

माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याचा.
आठ वर्षं त्याच्या भरवशावर मी निवांत बसलो,
आणि तो एका सळईने
समोरच्याच्याच ब्रेकला बांधलेला.
त्यांचा गेला, माझाही गेला.
हँडब्रेक ओढला तेव्हा
पुढच्या टँकरच्या पाठीवरचं 'अति ज्वलनशील'
आम्ही दोघांनी वेलांटीसकट वाचून काढलं.

ठक्कर बाप्पा कॉलनीच्या मागे,
जिथे शेजारी चपलांचे तळ कापतात
आणि हवेला सोल्यूशनचा वास,
तिथवर गाडी पहिल्या गिअरात आणली.
दोनदा मारलं की पेडल वर येई,
धरून ठेवलं की बुडे.

मुकादमचाचा दाभोळचे. बोलतात कमी.
टाकीत तेल पुरेपूर.
चारी चाकांच्या आतून हात फिरवला, बोटं कोरडी.
रबरी पाइप चिमटीत दाबून पाहिले.
"बाहेर गळत नाय. चोर घरातला दिसतो.
पण आधी हवा काढू.
आधी साधा आजार."
सिस्टरनी मान हलवली, ओपीडीत हलवावी तशी.

मोईन पंक्चरला गेलेला,
म्हणून पेडलवर सिस्टरच बसल्या.
चाचा गाडीखाली, मागचं डावं आधी,
कारण तेच सगळ्यात लांबचं.
दाब.
धर.
खाली पाना अर्धा आटा फिरतो.
धर अजून, मी सांगेपर्यंत सोडू नको,
नायतर काढलेली हवा परत आत.
आता सोड.

नळीतून सरबताच्या बाटलीत
कोऱ्या चहासारखं काळं तेल.
"पाणी पितं हे," चाचा गाडीखालून,
"मुंबईत डब्यातलं बिस्किट मऊ पडतं,
ह्याची काय कथा."
बुडबुडे आले वाटाण्याएवढे,
मग तिळाएवढे, मग नाहीच.
सिस्टर दारातून वाकून नळीकडे बघत होत्या.
"चौतीस वर्षं मी सलाइनला टिचकी मारून
हेच बघत आले.
तिथे भीती, हवा माणसात जाईल."
"इथे पण तीच," चाचा म्हणाले.

चारी चाकं झाली. पेडल वर आलं.
मी पाकीट काढलं.
चाचांनी बघितलंच नाही.
"सिस्टर, पाय ठेवा. जोर नको. शंभर मोजा."
त्रेचाळीसला पेडल बुडायला लागलं.

मास्टर सिलेंडर फडक्यावर उघडला.
करंगळीएवढा रबराचा कप,
ओठ एका अंगाने झिजलेला.
"एवढ्यासाठी?" मी.
"एवढ्यावरच थांबत होता तुम्ही आजवर."
दोनशे तीसचं किट टाकून भागलं असतं,
पण चाचांनी आतली भिंत नखाने चाचपली,
आणि नखाला खरवड लागली.
"नवं रबर ह्यावर महिना काढेल.
मग पुन्हा याल. किंवा येणार नाय."

मोईन सीएसटी रोडवरून नवा डबा घेऊन आला.
आणि सगळं पहिल्यापासून:
मागचं डावं आधी,
दाब, धर, सोड.
सिस्टरची पोटरी दुखायला लागली होती,
पण त्या उठेनात.
"आज कळलं," एवढंच म्हणाल्या,
"मी महिनाभर कशावर पाय देत होते ते."
तेलाचा एक थेंब बॉनेटवर सांडला
तो मोईनने लगेच पाण्याने धुतला;
रंग खातो म्हणे.

बिल अठ्ठावीसशे सत्तर. वरचे सत्तर सोडले.
झिजलेला कप मी खिशात टाकला, का ते माहीत नाही.

सिस्टरना घरी सोडून परतताना
दर सिग्नलला पाय ठेवून मोजत राहिलो.
सुमननगरला एकशे दहा झाले,
पेडल होतं तिथेच.
मागचे हॉर्न वाजवून शिव्या द्यायला लागले
तेव्हा वर बघितलं.
हिरवा कधीचाच झाला होता.