घडी

ताकोराडीच्या बंदरामागं, इस्पितळाच्या तळघरात
तीन यंत्रांपैकी दोन बंद,
तिसरं कण्हत, थरथरत चालणारं.
हरमाटनचा वारा वाळवंटाची धूळ घेऊन येतो
आणि दोरीवरच्या ओल्या चादरींना
भुरकट हात पुसून जातो.
मग पुन्हा धुवा. पुन्हा पिळा.

बाइडू साहेब दारात उभे राहून मोजतात.
"एकशे बारा आल्या धुवायला, वर गेल्या एकशे नऊ.
अराबा, तीन कुठं गेल्या?"
मला काय ठाऊक?
कुणाबरोबर मातीत गेल्या असतील,
कुणाच्या बाळाला गुंडाळून गावी.
वहीत माझ्या नावापुढं लाल रेघ.

पूर्वी ती रेघ मी घरी न्यायचे,
पानांत बांधलेल्या केंकेसारखी,
आणि रात्री सोडून बसायचे:
आंबलेली, अजून गरम.
मुलगा विचारायचा,
"आई, कुणाशी भांडतेयस? इथं तर कुणीच नाही."

रविवारी चर्चमध्ये शांती मागायचेच की.
मोठ्यांदा, सगळ्यांबरोबर, टाळ्या वाजवत.
सोमवारी जिन्यावरच ती सांडायची,
तळघरापर्यंत थेंब उरत नसे.

मग त्या पुनरुत्थानाच्या पहाटे
म्हातारे एसुमान, अडखळत बोलणारे,
उपदेश मध्येच विसरले.
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
आणि नुसतंच विचारलं,
"कबर रिकामी होती, ते ठीक.
पण तोंडावरचा रुमाल बाजूला होता, घ-घडी करून.
ती कुणी केली?"
आणि खाली बसले.

लोक जरासे हसले.
माझे हात मात्र मांडीवर आपोआप हलले.

मरण मागं टाकून निघालेला तो.
धोंड लोटलेली, बाहेर बाग उजाडतेय,
रडत येणाऱ्या बायका वाटेवर आहेत,
अख्खं जग खोळंबलंय,
आणि तो थांबतो.
रक्ताघामानं ताठरलेलं कापड उचलतो,
काठाला काठ लावतो.
कुणी मोजायला नव्हतं तिथं.
कुणाची वही नव्हती.

तेव्हापासून फारसं काही बदललं नाही.
एक यंत्र दुरुस्त झालं, दुसरं गेलं.
एवढंच, की शेवटची घडी मी तळहातानं दाबते
आणि तिथं जराशी थांबते.
चार बोटं रुंद जागा असते ती.
कधी तिच्यात मी मावते.
कधी नाही मावत;
परवाच साबणाची बादली लाथाडली,
आणि मीच पुसून काढलं सगळं, गुडघ्यांवर,
त्याला म्हटलं, बघतोयस ना, ही अशी आहे मी.

काल रात्री वीज गेली.
जोडीदारीण एकुआ बाळंतपणाला गेलेली,
आणि शस्त्रक्रियेच्या मोठ्या चादरी
एकटीच्या हातांत बसत नाहीत.
बाइडू साहेब फोनचा उजेड घेऊन उतरले.
मी पाठ ताठ केली.
त्यांनी फोन फळीवर ठेवला
आणि समोरचे दोन कोपरे धरले.

दोन पावलं पुढं. दोन मागं.
कोपरे देताना बोटांना बोटं लागतात;
त्यांची गार होती.
सहाव्या की सातव्या चादरीला ते म्हणाले,
"माझी आई वर आहे. चौदा नंबरच्या खाटेवर."
"ठाऊक आहे," मी म्हटलं.
"तिच्या उशीची खोळ मी रोज वेगळी ठेवते."

ते बराच वेळ कापडाकडेच बघत राहिले.

वीज आली. यंत्र पुन्हा कण्हू लागलं.
साहेबांनी वही उघडली, मोजलं, घसा साफ केला.
"तीन कमी."
आणि लाल रेघ मारली, नेहमीची,
जराशी वाकडी.

मी पुढची चादर उचलली.