मले मालूम हाये

रेवंता मॅडम दुकानात आल्या तेव्हा
मी कोणाचा तरी सातबारा काढत होतो.
"तीस जलपऱ्या पाहिजेत," त्या म्हणाल्या,
"नुसत्या रेघांच्या. शनिवारी रंगभरण आहे."

नेटवर सापडली एक.
केस मोकळे, कानामागे शिंपला,
डोळे एवढे मोठे की वाटलं
हिला लवकरच चष्मा लागणार.
चित्र वरून खाली हळूहळू उतरत होतं,
आमच्याकडे रेंज तशीच येते, जिना उतरल्यासारखी.
मी वाट न पाहता बटण दाबलं.

तिसावं पान पडलं आणि लाइन गेली.
अंधारात पानं मोजताना दिसलं:
जलपरी कमरेशी संपली होती.
खाली अर्धा कागद कोरा.

"चालते," मॅडम म्हणाल्या. "द्या अशाच."
मी तीनाचे दोन रुपये लावले.

पुढच्या बुधवारी त्या गठ्ठा घेऊन परत आल्या.
केंद्रावर पाठवायच्या होत्या, निवडक पाचांच्या प्रती.
मी एकेक पान काचेवर पालथं ठेवत गेलो,
ठेवायच्या आधी बघत गेलो.

कोणी खाली मरळ जोडली होती, ठिपक्यांसकट.
एकानं वाम काढली, ती कागदात मावेना,
म्हणून पाठीमागून वळवून आणली.
पहिलीतल्या युगांतनं
ट्रॅक्टरची मागची दोन चाकं बसवली होती,
त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं.
पाणी सगळ्यांचं हिरवं, नाहीतर मातकट.
निळे खडू तसेच टोकदार परत आले,
मॅडमनी पेटी उघडून दाखवली.

आणि एक पान डिलेश्वरी वलथरेचं.

तिनं शिंपल्यावर पुरुषी सदरा चढवला होता,
पूर्ण बाह्यांचा, मनगटाशी बटण लावलेला.
मोकळे केस दुपट्ट्यात बांधून टाकलेले.
दहाही बोटं काळी.
आणि कमरेखाली दोन पाय,
गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं,
डाव्या पोटरीवर एक जळू,
रक्त पिऊन फुगलेली.

"मी विचारलं तिला," मॅडम सांगत होत्या,
"शेपूट कुठं गेलं गं?
तं म्हणते, शेपूट कायचं जी,
ते बाई तलावात उभी हाये,
शिंगाडे तोडून रायली.
पाण्यातून पाय कसे दिसतीन?
म्हटलं, मग तू कसे काढले?
म्हणते, मले मालूम हाये."

केंद्रावर पाठवायच्या पाचांत ते पान नव्हतं.
नियमात जलपरी लिहिलं होतं.
मी म्हटलं, मग मला द्या,
आणि प्रिंटरच्या वर, दरपत्रकाशेजारी
चिकटपट्टीनं लावून टाकलं.

दिवाळी होऊन गेली. शिंगाड्याचा हंगाम सरत आला.
एक बाई अंगठा लावायला आली,
खात्याचं काहीतरी अडलं होतं.
मशीन म्हणे, जुळत नाही.
मी तिचा अंगठा फडक्यानं पुसला. जुळत नाही.
काळा डाग कातडीत मुरलेला,
वर काट्यांच्या बारीक टोचण्या,
रेघा शोधायच्या कुठं?
"उजवा नाही तं डावा पाहा," ती म्हणाली,
तोही तसलाच.

मशीन विचार करत होतं
तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली.
"हे कोण होय?"
"जलपरी," मी म्हटलं.
आणखी काय सांगणार होतो.
कागदावर तिचं नाव वाचलं होतं मी,
आडनावही.

ती उठून जवळ गेली.
सदरा पाहिला, दुपट्टा पाहिला,
वाकून पोटरीपाशी थांबली.
"जळू बराबर काढली," म्हणाली.

मग येऊन बसली,
आणि चौथ्यांदा अंगठा ठेवला.