डावीकडचा आवाज

तीन वर्षं हेमांगी म्हणत होती,
डावीकडे काहीतरी वाजतंय.
मी म्हणायचो, रस्ता खराब आहे.

रस्ता खराब होताच, म्हणजे खोटं नव्हतं.
पेठ रोड, हरसूलचा घाट,
कंपन्यांमागची ती पट्टी
जिथे डांबर कमी आणि ठिगळं जास्त.
गाडी एकोणीस वर्षांची, जन्म सातपूरचाच.
वळताना नाक आधी जायचं,
धड मागून विचार करत यायचं.
ब्रेक मारला की स्टिअरिंग
हळूच डावीकडे कान द्यायचं.
एक टायर आतल्या अंगाने सोलून निघाला, बटाट्यासारखा.
टायर बदलला. आवाज तसाच.
मग रेडिओ मोठा केला.

मुजफ्फर कोकणीचं गॅरेज द्वारकेच्या पुढे.
त्याने गाडी वर घेतली,
आर्म आणि चेसिसच्या मधे पहार घातली
आणि नुसती हलवली.
अख्खं चाक हललं, कवळीसारखं.
हेमांगीच्या पायाखालचं चाक.
"बघा," म्हणाला.

बुश.
मुठीत मावेल एवढं रबर,
लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून मधे घातलेलं.
एकोणीस वर्षं मी त्याच्या जिवावर फिरलो
आणि त्याचं तोंड आज पाहिलं:
भेगा, चैत्रातल्या टाचेसारख्या,
तेल पिऊन लिबलिबीत,
आतली नळी मध्य सोडून कडेला टेकलेली.

जुने निघेनात.
प्रेसखाली घातले. प्रेसच कुरकुरला.
शेवटी टॉर्चने जाळले,
काळा धूर गल्लीभर,
शेजारचा चिवडेवाला शिव्या घालत बाहेर आला.
मुजफ्फर म्हणाला, तुझ्या मिरच्यांचा धूर
आम्ही रोज खातो, भाऊ.

"रबर घालू की पीयू?"
पॉलियुरेथेनला तो पीयू म्हणतो,
घरातल्या पोराला हाक मारावी तसं.
खोक्यात लिमलेटच्या गोळीसारखे पिवळे.
नखाने दाबून पाहिलं. नखच वाकलं.

"रबर पीळ खाऊन घेतं, साहेब.
फिरत नाही, आतल्या आत मुरडतं,
सोडलं की जागेवर येतं.
येतं, येतं, आणि एक दिवस येत नाही.
हा पीळ खात नाही, फिरतो.
पण ग्रीस मागतो, नाही दिलं तर ओरडतो.
आणि रस्ता जसा आहे तसा हातात देतो.
नंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

पीयू घाल म्हणालो.
का, ते त्याने विचारलं नाही.

चिकट पांढरं ग्रीस, बोटाने, आतून बाहेरून.
हातानेच दाबून बसवले.
बोल्ट सैल ठेवून गाडी खाली उतरवली,
चारी चाकांवर उभी राहू दिली,
मग स्वतः खाली सरकून आवळले.
"वजन आल्याशिवाय आवळायचं नसतं.
रबराचा नियम आहे. याला लागत नाही.
हाताला सवय."

बिल सांगत नाही. हेमांगी वाचेल.

संध्याकाळी तिला घेऊन गंगापूर धरणाकडे निघालो.
नाक आणि धड एकदमच वळलं.
स्टिअरिंगने कुणाकडेच कान दिला नाही.
पण सोमेश्वरच्या अलीकडचा स्पीडब्रेकर
थेट मणक्यात येऊन नाव सांगून गेला.
मग गटाराचं झाकण, खडी,
केबलसाठी उकरून बुजवलेला आडवा चर,
एकेक जण, हजेरी दिल्यासारखा.

तिने वरचं हँडल धरलं.
"खड्डे वाढले का रे?"
"नाही," म्हणालो. "होतेच."

बराच वेळ ती डावीकडे कान लावून बसली.
मी रेडिओकडे हात नेला नाही.
"गेला आवाज," ती म्हणाली.
आणि धरणाची भिंत दिसायला लागल्यावर:
"तीन वर्षं सांगत होते."

तिथून पुढे रस्ता चांगला होता.
मला म्हणायला काही उरलं नव्हतं.